बिबड्यांखालची वही

आम्ही चौघी धुळ्याच्या एकाच गल्लीतल्या. लग्नं होऊन एक रावेरला गेली, एक फैजपूरला, एक शिंदखेड्याला, आणि मी जळगावला. सासरी पत्र आलं की आधी घरचे फोडत. पण ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, डबा कोण तपासतो? शिवाय डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत. म्हणून बिबड्यांखाली शंभरपानी वही ठेवायची. जिच्या घरी डबा जाईल तिने ती वाचायची, आपली दोन पानं लिहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पुढचीला धाडायची. आता मोबाइलवर बायकांचे गट असतात, पण कुणीतरी वर बसून बघत असतंच. आमच्या वहीला मालक नव्हता.

वही फिरून यायला दोन-दोन महिने लागत, आणि मला मेलीला दम कुठला! मी फर्मान काढलं: पानं मला पाठवा, मी झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटते. आमच्या घराशेजारीच नवं दुकान निघालं होतं. तिघींनी मुकाट्याने ऐकलं, कारण चौघींत शहाणी मीच.

शिंदखेड्याच्या मैत्रिणीने त्या खेपेला लिहिलं होतं की तिने सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावीला बसायचा. केंद्र मुद्दाम जळगाव घेतलंय. माझ्याकडे राहायला जाते असं घरी सांगून ती पेपर देणार होती. दुकानदाराने पानं वाचली. तो तिच्या सासऱ्यांचा आतेभाऊ निघाला. खानदेशात दोन गावं ओलांडली तरी नातं निघतंच, हे लहानपणापासून ठाऊक असूनही त्याला कुठले म्हणून विचारायचं मला सुचलं नाही. तिच्या घरी चार दिवसांत सगळं कळलं.

मार्चमध्ये ती आली नाही. हॉलतिकीट मी शाळेतून आणून ठेवलं होतं. पहिल्या पेपराच्या दिवशी उगाच स्टेशनवर जाऊन उभी राहिले, शिंदखेड्याकडून आलेल्या दोन गाड्या पाहिल्या आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागले. माझीच मला लाज वाटत होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरी जमलो. झोक्यापाशी तिला एकटीला गाठून मी हॉलतिकीट पुढे केलं. तिने त्यावरचा स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला आणि कागद घडी करून माझ्याच हातात दिला.

"तूच ठेव," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "मना सासरमा आते मनी पेटीबी उघाडीसन देखतस."