रडायला बंदी असलेलं घर

शदलियाच्या जिभेला हाड नव्हतं. समुद्रकाठच्या झरझिस गावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत ती समुपदेशक आणि मी शिवणाची बाई. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "ऐकून घेणारा मिळाला नाही, आणि घरात बोलायला मी एकटी पुरते." मुली मात्र तिच्याकडे आपणहून यायच्या, तिला आदराने 'लल्ला' म्हणायच्या. ती त्यांना बदाम फोडायला बसवायची. हात चालू झाले की तोंडंही चालू व्हायची.

एकदा राजधानीतून प्रश्नावली आली. मुली स्वतःला इजा करून घेतात का, हे तपासायचं होतं. पहिलाच प्रश्न असा: तू जाणूनबुजून स्वतःच्या शरीराला इजा केली आहेस का? "उंटावरून शेळ्या हाकतायत मेले," शदलिया करवादली, तरी तिने एकेकीला विचारलं. इब्तिसाम नावाची मुलगी 'नाही' म्हणाली. शदलियाने ते खरं मानलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

पुढे उन्हाळ्यात गणवेशाचं माप घेताना इब्तिसामने मला बाही वर करू दिली नाही. उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि ही पोर मनगटापर्यंत झाकलेली. मी शदलियाला सांगितलं. तिने प्रश्नावली काढून इब्तिसामचं 'नाही' पुन्हा वाचलं.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका नखांनी गाल ओरबाडतात. इमाम नको म्हणतात, तरी ओरबाडतात. त्याला कुणी इजा म्हणत नाही, तो गेलेल्याचा मान असतो. इब्तिसामचा थोरला भाऊ वजदी होडीतून इटलीला निघाला होता. त्याचा ना फोन आला, ना प्रेत मिळालं. आई महबूबा रोज त्याचं ताट वाढायची. घरात कुणी हुंदका दिला तर म्हणायची, "जित्या माणसासाठी रडता? तोंड सांभाळा."

शदलियाने प्रश्न बदलला. बदाम फोडता फोडता हलकेच विचारलं, "पोरी, तू कुणासाठी रडतेयस?"

"वजदीसाठी," इब्तिसाम म्हणाली. "गालावर केलं असतं तर आईला दिसलं असतं ना, लल्ला."

म्हणजे पोर पहिल्यांदाही खोटं बोलली नव्हती; तिच्या लेखी ती इजा नव्हतीच, भावाचा शोक होता. आता तिला दवाखान्यात न्यायचं तर आईला सांगणं भाग होतं, आणि सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की तुझ्या मुलीने भावाला कधीच मेलेला मानलंय. शेवटी इब्तिसामला विचारूनच तिने महबूबाला बोलावलं. मी दाराशी बसले होते.

महबूबाने सगळं ऐकलं, मुलीची बाही वर सरकवली, पाहिलं. मारलं नाही, ओरडली नाही. तिचे हात आपसूक स्वतःच्या गालांकडे गेले. इब्तिसामने पुढे होऊन तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली.

"नको, आई. फार आग होते."

महबूबा लेकीच्या खांद्यावर कोसळली आणि वजदीच्या नावाने तिने हंबरडा फोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग मायलेकी एकमेकींना धरूनच दवाखान्यात गेल्या.

संध्याकाळी शदलिया माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि ढसाढसा रडली. मी चहा दिला, तो तिने बाजूला ठेवला.

"पोर वाचेल गं," ती म्हणाली. "पण महबूबाचा लेक आज मी बुडवला."