बाईचं गाठोडं

"काऊन रे, सायकल पुसून राह्यला का नवरी सजवून राह्यला?" माय गोठ्यातून ओरडत होती. तिच्या आवाजानं वैनगंगेपलीकडच्या गावातली पोरंसुद्धा दचकून आपापल्या कामाला लागली असतील. शनिवार होता. लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर नंबर मारायच्या माझ्या नोकरीला दुपारनंतर सुट्टी. शेण काढायचं होतं, लाकडं फोडायची होती, अंगणात वाळत घातलेल्या मोहावरची डुकरं हाकलायची होती. मी यातलं काहीएक न करता तेलाच्या चिंधीनं चाकांच्या तारा पुसत बसलो होतो.

सायकलही तशीच होती म्हणा. तिला ब्रेक नव्हते, थांबायचं असलं की बरंसं झाड पाहून ठेवावं लागे. खडखडाट एवढा, की नाल्यावरचा वाघ लांबूनच ऐकून बच्चेकच्चे घेऊन बाजूला होई. खोटं वाटत असेल त्यानं वाघाला विचारावं.

माझ्या वाटची लाकडं माझी थोरली बहीण फोडत होती. तिला आम्ही बाई म्हणायचो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला ती माहेरी आली होती. मंडई उठली की नवऱ्यानं घ्यायला यावं, अशी आमच्याकडची रीत. बोलावणं आल्याशिवाय लेकीनं आपल्या पायांनी सासरी जायचं नाही. धानाची चुरणी-मळणी झाली, पळस फुलून गेला, मोह गळू लागला, जावई आले नाहीत. घरामागं मोहाची चांगली चार झाडं असताना बाई पहाटे वेचायला जायची ती मात्र सासरच्या वाटेवरच्या झाडाखाली.

अशात डेपोतल्या बैलबंडीवाल्यानं बातमी आणली. बाजाराच्या गावी तंबूचा सिनेमा आला होता, नुसता मारकाटीचा, आणि आमचे जावई रविवारचा पहिला खेळ चुकवत नव्हते. मी ठरवून टाकलं. बाईला नेऊन त्यांच्या पुढ्यात उभं करायचं. समोर दिसली की त्यांच्या तोंडून 'चल' निघेलच, आणि तेच बोलावणं. बाईला मी सांगितलं, की जावई तुझ्यापायी वाळून काडी झालेत, धोतर कमरेला ठरत नाही, सुतळीनं बांधतात. ती हसली नाही. पण रविवारी सकाळी तिनं डोकं धुतलं.

मायला फक्त सिनेमाचं सांगितलं होतं. निघताना पाहतो तर बाईच्या काखेत गाठोडं. लुगडी, कंगवा, कुंकवाची डबी, आमच्या घरात तिचं म्हणून जे होतं ते सारं. माय शेणाच्या हातानं तशीच उभी राहिली. ओरडली नाही. हात धुतले, आत गेली, आणि मूठभर तांदूळ आणून बाईच्या पदरात घातले.

सारी वाट बाई कॅरियरवर गाठोडं मांडीवर धरून बसली. मी गप्पा ठोकत होतो. ती नुसतं हं म्हणायची.

तंबूत मधोमध पडदा असे. एका बाजूला गडी बसत, दुसऱ्या बाजूला बायका, म्हणजे त्यांना सिनेमा उलटा दिसे. आमच्याकडे उजव्या हातानं लढणारा नायक त्यांच्याकडे डावखुरा. पहिल्या रिळातच इतके लोक मेले, की पुढं मरायला माणसं उरतात की नाही याची मला काळजी पडली. रक्त काळंच दिसत होतं, तरी पुढच्या रांगेतल्यांनी आपापली धोतरं झटकून घेतली.

जावई होते. काडीबिडी काही झाले नव्हते, गालावर चांगली तकाकी होती. मी घुसून त्यांच्या बाजूला बसलो. घरचं बोललो, धानाचं बोललो, त्यांनी सगळ्याला मान हलवली. बाईचं मात्र विचारलं नाही. शेवटी मीच सांगितलं, की बाई आली आहे, पडद्याच्या तिकडं बसली आहे, गाठोडं घेऊन आली आहे.

"तिकडं? बायकांत?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यानंतर राजाची मान उडाली, साऱ्या तंबूनं शिट्ट्या मारल्या, पण जावई पडद्याकडं असे पाहत होते जणू त्याच्या आरपार दिसतं. रीळ बदलायला बत्ती लागली तेव्हा ते बिडी ओढून येतो म्हणून उठले. मी त्यांची जागा राखून ठेवली. पुढचे सगळे मुडदे मी त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून पाहिले.

खेळ सुटला. बाई सायकलपाशी येऊन उभी होती, गाठोडं डोक्यावर. आयुष्यात मी किती थापा मारल्या असतील, पण त्या वेळी मारली तेवढी मनापासून एकही नाही. म्हटलं, "पुढच्या बाजारी येतो म्हनले, बाई. बैल बिमार हाये म्हनून घाईत गेले. तुयी लय याद करून राह्यले होते."

बाईनं गाठोडं खाली घेतलं, कॅरियरवर ठेवलं.

"दुसरी केली त्यानं," ती म्हणाली. "मायाच बाजूले बसली होती. कोनाच्या घरची म्हनून इचारलं, तं त्याचंच नाव सांगतलं. तलवार निंगली का माया हात धरे."