डाव्या सलामाची जागा

माझ्या सासूबाईंना हळू बोलता येत नाही. नांदुऱ्यापासून वडनेर भोलजीपर्यंतच्या बाजारांत त्यांनी जन्मभर बांगड्या विकल्या, त्यामुळे आवाजही बाजाराच्या मापाचा. सासरे अगदी उलट. शिलाई मशीनपुढे दिवस घालवायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. अलीकडे कानांनीही दगा दिला, मग तर बोलणं आणखीच आटलं. या दोघांचा संसार कसा जमला असेल, हे कोडं मी साखरखेर्ड्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हापासून सोडवते आहे.

मागच्या वर्षी बकरी ईदच्या तोंडावर सासरे दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मस्जिद बंद, ईदगाह बंद, नमाज घरातच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. त्यांना धसका बसला होता तो तकबीरचा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बकरी ईदच्या आदल्या दिवसाच्या, म्हणजे अरफ्याच्या पहाटेपासून ईदच्या चौथ्या दिवसाच्या उतरत्या दुपारच्या, असरच्या नमाजपर्यंत, प्रत्येक फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाज संपली की लगेच तकबीर म्हणायची असते. अल्लाह सगळ्यांत मोठा, सारी स्तुती त्याचीच, असे ते थोडेसे बोल. पुरुषांनी मोठ्याने, बायकांनी हळू. मात्र ती नमाजला चिकटूनच यायला हवी. मध्ये बोललात किंवा उठून गेलात की ती गेली, आणि नंतर भरूनही काढता येत नाही. मस्जिदीत चिंता नसते, सगळे एकदम म्हणतात आणि विसराळू माणूसही त्यांच्यासोबत वाहत जातो. सासरे असेच वाहत आलेले. घरात, बहिऱ्या कानांनी, एकट्याने आठवण ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

व्हायचं तेच झालं. अरफ्याच्या पहाटे त्यांनी सलाम फिरवून नमाज संपवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, चाय आन." मी चहा आणला तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं. कप तसाच राहिला. "आजवर एक नाही सुटली," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला त्यांची फार दया आली. सासूबाईंना मात्र दया वगैरे काही येत नाही, त्यांना थेट चेव येतो.

दुपारी त्यांनी स्वतःची नमाज उरकली आणि सासऱ्यांनी सलाम फिरवताच त्यांच्या कानाशी अशी तकबीर ठोकली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. सासरे दचकले, पण त्यांनीही लगेच म्हटली. सुटली नाही. दोघं खूश. मग सासूबाईंच्याच मनात आलं.

"काऊन वं, बाईनं एवढ्या जोरात म्हनलेली चालते का?"

बायकांनी हळू म्हणायची एवढं मला माहीत होतं, पण निवाडा द्यायची माझी छाती नव्हती. मी मौलानांना फोन लावून दिला. सासूबाईंनी सगळा मामला सांगितला. पलीकडून मौलाना आधी म्हणाले, "अम्मा, फोन जरा लांब धरा." मग समजावलं, की बाईने आपल्या कानाला ऐकू येईल इतकीच म्हणावी. शौहरला आठवण देणं हे नेकीचं काम, पण ते हाताने, इशाऱ्याने करावं.

"आपल्या कानाले आयकू येईल एवढी," सासूबाईंनी घोकलं आणि तिथेच सराव सुरू केला. पहिलाच प्रयत्न झाला तशी भिंतीपलीकडे मेथी निवडणारी शेजारीण ओरडली, "मले काई म्हनलं का चाची?" मी हसून हसून खाटेवर पडले. सासूबाईंनी मला एक सणसणीत धपाटा घातला आणि पुन्हा सराव सुरू केला.

असरला त्यांनी मौलानांचं ऐकलं. सासऱ्यांचा सलाम झाला आणि यांनी इशारा म्हणून त्यांना हाताने ठोकलं. नेमकं प्लास्टरवर.

"काऊन मारून राह्यली वं?" सासरे कळवळले.

झालं. बोलले म्हणजे गेली. दिवसभरातली दुसरी. या वेळी सासूबाईही गप्प बसल्या, आणि त्या घरात असून घर शांत आहे हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. मला ते मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावू का? सासऱ्यांनी मान हलवली. नमाज पढताना नजर खाली ठेवायची, भिंतीवर काय वाचत बसायचं?

मग्रिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या आधी सासूबाईंना तोडगा सुचला. नमाज संपवताना मान आधी उजवीकडे वळवून सलाम करतात, मग डावीकडे. म्हणजे माणसाची नजर शेवटी पडते ती डावीकडेच. त्यांनी आपली नमाज लवकर पढली, आपली तकबीर हळू म्हणून घेतली आणि सरकत सरकत सासऱ्यांच्या डाव्या अंगाला जाऊन बसल्या. सासऱ्यांनी उजवीकडे सलाम केला. डावीकडे वळले. तिथे सासूबाईंचा चेहरा, आणि हलणारे ओठ. आवाज नाही.

आणि सासरे गरजले. खरंच गरजले. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. जन्मभर जपून ठेवलेला सगळा आवाज त्या एका तकबीरमध्ये बाहेर आला असावा. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला, पण डोळे हसत होते.

मग रोज पाचही वेळा हेच. बाजार गाजवणारी बाई नुसते ओठ हलवायची आणि गप्प माणूस गल्ली हादरवायचा. ईदच्या सकाळी ईदगाहला निघालेले लोक तकबीर म्हणत दारावरून गेले. सासरे स्वतः शिवलेला नवा कुर्ता घालून उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी लोकांच्या तोंडाकडे बघून अशी साथ दिली की पुढे गेलेले चारजण मागे वळून पाहू लागले. तिसऱ्या दिवशी शेजारणीने भिंतीवरून डोकावून काळजीने विचारलं, "चाची, तब्येत बरी नाही का? आजकाल चाचाचाच आवाज येऊन राह्यला." मला इतका आनंद त्या घरात याआधी कधी झाला नव्हता. शेवटच्या असरपर्यंत पुढची एकही तकबीर सुटली नाही.

यंदा सासऱ्यांचा पाय बरा आहे. अरफ्याच्या पहाटे ते काठी टेकत मस्जिदीत गेले. परतले तेव्हा सासूबाई चुलीपुढे होत्या. तिथूनच विचारलं, गल्लीला ऐकू जाईल असं, "म्हनली ना तकबीर?"

"म्हनली. पन इसरतच होतो."

"एवढे लोकं असून?"

सासरे खाटेवर बसले, काठी भिंतीला टेकवली. "डाव्या अंगाले पाह्यलं त थो कापसाचा दलाल बसेल होता, दाढीवाला. त्याले पाहून काई सुचलंच नाही. मंग सारे म्हनाले तवा म्हनली."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तव्यावरची पोळी उलटायची विसरल्या होत्या. मग काहीतरी बोलल्या, पण इतकं हळू, की ते त्यांच्या कानालाच ऐकू आलं असेल.