सतरा जणांचा एक माणूस

सकाळी नऊ बावन्नला सरकारी रुग्णालयातले रेकॉर्ड-कीपर नवव्या रजिस्टरची उसवलेली शिवण पुन्हा घालत बसले होते. उद्या अकराला रद्दीचा ट्रक यायचा होता. सगळी रजिस्टरं त्यात जाणार आणि त्यांची एकतीस वर्षांची खोली झेरॉक्स मशीनला मिळणार.

"भाऊ, उद्या रद्दीत जायचंय त्याला आज टाके कशाला?" संगणकावर नोंदी करणाऱ्या ताईने विचारलं.

"जाताना तरी नीटनेटकं जावं."

माघारी सगळे त्यांना शिसपेन्सिल म्हणतात. गावात एकाच नावाची सतरा माणसं आहेत, त्यांत चार बायका. भाऊ प्रत्येकापुढे पेन्सिलीने खूण लिहीत: 'पुलापलीकडची', 'कुत्रेवाला', 'जोरात शिंकणारा'. संगणकात खुणेला रकाना नव्हता, म्हणून ताईने खुणा गाळल्या आणि संगणकाने सतरांचा एक माणूस केला. भाऊंनी साहेबांना दोनदा बजावलं होतं. साहेब म्हणाले, "काळाबरोबर चला, भाऊ." मग भाऊंनी तोंडाला कुलूप लावलं.

दहा दहाला साहेबांचे सासरे मोतीबिंदू दाखवायला आले. तेही त्या सतरांतलेच. ताईने पडद्यावरचं वाचलं, "वय एकाहत्तर. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तीनदा झालेलं. सातवा महिना."

"सातवा महिना कसला?"

"गोड बातमी दिसतेय," भाऊ खोलीतूनच म्हणाले.

सासऱ्यांचा आवाज चढला तसे साहेब बाहेर आले. "भाऊ, यांची मूळ नोंद काढा."

"ट्रकवाल्याला विचारावं लागेल."

"भाऊ."

भाऊंनी नववं रजिस्टर उघडलं आणि ओळीच्या टोकावर अंगठा ठेवला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन एकही नाही."

"अंगठा काढा."

अंगठ्याखाली लिहिलं होतं: 'रांगेत घुसणारा'.

"काय लिहिलंय?" सासऱ्यांनी मान पुढे काढली.

"ज्येष्ठ नागरिक," जावई म्हणाले. मोतीबिंदू एवढ्यापुरता कामी आला.

दुपारपर्यंत साहेबांनी ट्रक रद्द केला, झेरॉक्स मशीन जिन्याखाली हलवलं आणि संगणकात 'ओळखखूण' हा रकाना मागणारं पत्र वर पाठवलं. चाळीस अक्षरांचा. भाऊंना चाळीस कमी वाटली.

उद्या दहाला भाऊ आणि ताई पहिल्या रजिस्टरपासून सतरा जणांना सुटं करायला बसतील. सासऱ्यांचं ऑपरेशनही उद्याच आहे. रांगेत नंबर सहावा.