आदल्या दिवशी लिहिलेली चर्चा

परवा व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, तू त्या संस्थेच्या बोर्डवर आहेस म्हणजे नक्की काय करतेस?" मी तोंड उघडायच्या आत मागून तुझी धाकटी बहीण म्हणाली, "सह्या." तुम्ही दोघी हसलात, मीही हसले. पण पुढचे दोन दिवस ते उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण बरीच वर्षं ते अगदी बरोबर होतं. ते चुकीचं कधी ठरलं, एवढंच आज लिहिते. तुमचं मराठी वाचन आता चांगलं झालं आहे. एखादा शब्द अडलाच तर आईला विचारा.

आमचं कलाघर तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा लहान होतात. श्रीरामपूरच्या स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर कापसाचं एक जुनं गोदाम आहे, तेच. मालकाच्या मुलांनी ते संस्थेला देऊन टाकलं. पुढे रस्त्याला लागून लांब व्हरांडा, आत मोठा हॉल आणि मागे एक खोली. हॉलला खिडक्या नाहीत. कापसाला खिडक्या कशाला लागतात? त्यामुळे उजेड हवा असेल तर गोदामाचं मोठं दार उघडं ठेवावं लागतं. मागच्या खोलीला मात्र उंचावर दोन खिडक्या, जाड भिंती आणि नीट लागणारं दार आहे. तिथे पूर्वी मुनीमजी बसत. गावातल्या कुणालाही गाणं, वाजवणं, नाच, चित्रकला शिकता यावी म्हणून ही संस्था आहे. आम्ही सात विश्वस्त. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून सचिव मी.

सचिवाचं मुख्य काम इतिवृत्त लिहिणं. मीटिंगमध्ये काय विषय आले, कोण काय बोललं, काय ठरलं, हे सगळं त्यात येतं. आणि आमच्याकडे ते मीटिंगच्या आदल्या दिवशी लिहून तयार असायचं.

ही पद्धत मी काढलेली नाही, पण मी ती फार नेटकी केली. माझ्या आधीचे सचिव ठराव तेवढे आधी लिहून आणत. मी पूर्ण इतिवृत्तच आणू लागले. आमचे अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांच्याशी फोनवर बोलून सगळं ठरवायचं, मग मी छान अक्षरात मसुदा करायचा, एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून तो टाइप करून आणायचा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक अशी नावं आळीपाळीने घालायची, म्हणजे कुणाला डावललं असं वाटायला नको. प्रत्येक ठरावाखाली माझं एक वाक्य ठरलेलं होतं: "साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." रविवारी अकराला सगळे जमत, बटाटेवडे खात, सह्या करत. चर्चने चालवलेल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या विश्वस्त आहेत. त्या सकाळची प्रार्थना आटोपून थेट येत. त्यांनी एकदा घड्याळ लावून पाहिलं तर आमची मीटिंग अकरा मिनिटांत संपली होती. मला त्याचा अभिमान वाटला होता. मुलींनो, ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो ती अधूनमधून तपासून पाहावी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गळिताचा हंगाम होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. अध्यक्षांच्या ओळखीच्या एका बागाईतदारांनी आईच्या स्मरणार्थ भिंतभर आरसे द्यायचं कबूल केलं. अट एकच. मागची खोली फक्त नृत्यवर्गासाठी ठेवायची आणि दारावर आईचं नाव लावायचं. हॉलच्या भिंती चित्रांच्या प्रदर्शनाला लागतात, तिथे आरसे लावता येत नव्हते. नृत्यवर्गाला तर मुलांची रांग होती. अध्यक्ष खूश, मी खूश.

त्या खोलीत तेव्हा मंगळवारी आणि शनिवारी दुपारी ढोलकीचा वर्ग भरायचा. शिकवणारी बाई चाळिशीची. तिचे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. आंबेडकर जयंतीला गावोगाव गाण्याचे कार्यक्रम होतात, त्यात त्यांना फार मान होता. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी हिला शिकवलं, आणि ही आता मुलींना शिकवत होती. मानधन घ्यायची नाही. बोटांना कायम पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली असायची. मी तिला "अगं" म्हणायचे, ती मला "मॅडम".

मी ठराव लिहिला. मागची खोली नृत्यवर्गाला द्यावी. ढोलकीचा वर्ग बंद करायचं माझ्या मनातही नव्हतं, म्हणून पुढचं वाक्य घातलं: "ढोलकी वर्ग समोरील हवेशीर व्हरांड्यात स्थलांतरित करावा." हवेशीर हा शब्द सुचला तेव्हा आपण किती काळजी घेतो असं मला वाटलं. सूचक अध्यक्ष, अनुमोदक मुख्याध्यापिका. साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.

शनिवारी दुपारी तीच बाई आमच्या दारात उभी राहिली. वर्गाच्या दिवशी ती कधी घरी येत नसे. हातात दोन कागद, नीट घडी घातलेले. मुलींसाठी गाण्यांच्या प्रती काढायला ती त्याच दुकानात गेली होती आणि दुकानदाराने तिच्या गठ्ठ्यात माझे कागदही गुंडाळले होते.

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिने कागद माझ्यापुढे ठेवले.

"तुमचे कागद माझ्यात आल्ते. वाचायचे नव्हते, पण ढोलकी शब्द दिसला." मग थोडं थांबून तिने विचारलं, "मॅडम, मीटिंग उद्याला हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मग ही चर्चा झाली कधी?"

चाळीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले आहेत. इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, अगं, हा कच्चा मसुदा आहे.

"व्हय, कच्चा हाय. नावं तेवढी पक्की हायेत."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. वर्ग बंद होत नाही, फक्त जागा बदलते आहे, व्हरांडा चांगला मोठा आहे, असं मी तिला समजावू लागले. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग तिने जे सांगितलं ते मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं. तिच्याकडे नऊ मुली येत होत्या. मुलीने ढोलकी वाजवायची म्हटलं की आजही लोकांना आधी तमाशा आठवतो. एकेका घरी जाऊन, आईबापांशी चार-चार वेळा बोलून तिने त्या मुली आणल्या होत्या. प्रत्येक घरी तिने एकच वचन दिलं होतं: खोलीला दार आहे, दुपारची वेळ आहे, रस्त्यावरून कुणाला काही दिसणार नाही.

"एकीचा बाप मार्केटात हमाल हाय," ती म्हणाली. "त्याचे समदे सोबती ह्याच रस्त्यानं जात्यात. व्हरांड्यात बसवल्या तर पुढच्या मंगळवारी एकबी यायची न्हाई. आन् यंदा जयंतीला पहिल्यांदा पोरी स्टेजवर बसनार हायेत. ते एकदा झालं की मग बघू द्या की लोकांना. आधी न्हाई."

मी विचारलं, हे तू आधी का नाही सांगितलंस?

"कुनी विचारलं तर सांगावं, असं हुतं माझं."

ती पाणी पिऊन गेली. कागद टेबलावरच होते. हवेशीर हा शब्द मला त्यांवर उठून दिसत होता.

मी अध्यक्षांना फोन केला. ठराव मागे घेऊन विषय चर्चेला ठेवते, आणि तिला मीटिंगला बोलावते, असं सांगितलं. ते सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांनी शब्द देऊन ठेवला होता. नृत्यवर्गाच्या मुलांनी किती वाट पाहायची, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, आपली अकरा मिनिटांची मीटिंग आहे. तिची ग्रामसभा करू नका."

मी म्हटलं, "डॉक्टर, तपासायच्या आधी औषध लिहून द्यायचात का तुम्ही?"

 त्यांनी लगेच फोन ठेवला.

रविवारी सातपैकी सहाजण आले. ती बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसली. मी टाइप केलेलं इतिवृत्त पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं. असं पूर्ण वाचायची आमच्यात रीत नव्हती, त्यामुळे सगळे जरा दचकून माझ्याकडे पाहायला लागले. "साधकबाधक चर्चेअंती" इथे मी थांबले आणि म्हटलं, ही चर्चा मी काल सकाळी घरी बसून एकटीने केली आहे. कुणाला काही भर घालायची आहे का?

मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून कागद हातात घेतला. "मी अनुमोदक आहे वाटतं. मी काय म्हणाले, ते तरी सांगा."

सगळे हसले, अध्यक्षसुद्धा. मग मी तिच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही सांगा." मी तिला पहिल्यांदा अहो म्हटलं होतं. तिने एकदा मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

ती बोलली, आदल्या दिवशी बोलली होती तसंच, तेवढंच. अध्यक्षांनी तिला अदबीने विचारलं, की मग नाचणाऱ्या मुलांनी कुठे जायचं? त्यावर तिचं उत्तर तयार होतं. नाचाचा वर्ग सकाळी हॉलमध्ये घ्या, मोठं दार सताड उघडा. "त्यांचे आईबाप तर येनाऱ्याजानाऱ्याला थांबवून दाखवत्यात. त्यांना लोकांनी बघितलेलंच पायजे." अध्यक्षांची नात नृत्यवर्गात आहे. ते कानामागे खाजवत राहिले.

मग खरी चर्चा झाली. संस्थेच्या मानाने ती फार मोठी झाली. आरसे हातचे घालवणं शहाणपणाचं नाही, असं दोघांचं ठाम मत पडलं. एकाने विचारलं की नऊ मुलींसाठी एवढं करायचं का. मुख्याध्यापिका म्हणाल्या, माझ्या शाळेत मुलींचा पहिला वर्ग पाचजणींचा होता. वडे गार झाले. शेवटी हात वर करून मत घेतलं. तेही आमच्याकडे कधी झालं नव्हतं. खोली ढोलकीकडेच राहावी याच्या बाजूने चार, विरुद्ध दोन. विरुद्ध असलेल्यांत अध्यक्ष होते. त्यांनी मला सांगितलं, "माझं नाव विरोधात लिहा. सर्वानुमते लिहू नका." मी लिहिलं. त्या क्षणी त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला, आणि तो मी त्यांना बोलून दाखवला.

आरसे आले नाहीत. ते मी काही काळ मनाला लावून घेतलं, नाही असं नाही. बागाईतदारांकडे अध्यक्षांबरोबर मीच गेले आणि ही चूक सचिवाची आहे, अध्यक्षांची नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि आरसे दुसऱ्या एका शाळेला दिले. नृत्यवर्ग आजही आरशांशिवाय हॉलमध्ये चालतो. नृत्याचे सर आमच्याकडे त्याबद्दल दर महिन्याला कुरकुर करतात आणि दर महिन्याला ती कुरकुर इतिवृत्तात येते. तरीही तो निर्णय योग्य होता, याबद्दल मला शंका नाही. जयंतीला नऊच्या नऊ मुली स्टेजवर बसल्या. हमाली करणारा तो बाप आपल्या सोबत्यांना घेऊन पहिल्या रांगेत आला होता. मी मागे बसले होते, पण मला तो दिसत होता. त्यानंतर काही दिवसांनी बाई स्वतःच म्हणाली, की आता खोलीचं दार उघडं ठेवलं तरी चालतंय.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या रविवारचा शेवट. टाइप केलेले कागद मी फाडून पिशवीत टाकले होते आणि इतिवृत्ताच्या वहीत तिथेच बसून, हाताने, सगळं लिहून काढलं. घाईत लिहिल्यामुळे खाडाखोड झाली. माझ्या वहीत खाडाखोड! सगळ्यांनी नेहमीप्रमाणे भराभर सह्या केल्या, आणि वही निमंत्रित म्हणून तिच्याकडे गेली. तिने पेन हातात घेतलं, उघडलं, परत बंद केलं.

"मॅडम, आधी वाचू का?"

मी म्हटलं, वाचा.

तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पट्टी गुंडाळलेलं बोट ओळीखालून सावकाश सरकत होतं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्चीत मागे टेकून बसले. कुणीही उठलं नाही. पान उलटून ती दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबली आणि वही माझ्याकडे फिरवली.

"इथं सात पोरी लिवलंय. नऊ हायेत."

मी सात खोडून नऊ केलं, बाजूला माझी छोटी सही केली. मग तिने वही पुन्हा स्वतःकडे घेतली, उरलेलं पान शेवटपर्यंत वाचलं, आणि सही केली.