पदराची उलटी बाजू

मैत्रिणींनो, आज फार चुटपुट लागलीय, म्हणून लिहितेय.

सकाळी इंदिरानगरमध्ये एका साडीच्या दालनाचं उद्घाटन होतं. एका पोर्टलसाठी मी फॅशनच्या बातम्या लिहिते, म्हणून गेले. 'अस्सल हातमागाची पैठणी' अशी पाटी होती. सवयीने पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. इथे मागे सगळं धाग्यांचं जाळं!

प्रसिद्धी सांभाळणारी मुलगी हसून म्हणाली, "मॅम, उलटी बाजू रीलमध्ये कुठे दिसते?"

खरंच होतं. सगळे रील काढत होते, पदर कुणीच उलटत नव्हतं.

मी बातमीत त्या धाग्यांबद्दल लिहिलं. संपादकांनी नेमकं तेवढंच काढलं. "अगं, जाहिरात त्यांचीच आहे," म्हणाले. खाली माझं नाव मात्र ठेवलं.

आत्ता सातपूरच्या मावशीचा फोन आला. "तुझी बातमी वाचली आणि तडक गेले. पिंकीच्या लग्नाची पैठणी घेऊनच आले बघ!"

मी घाबरत विचारलं, "मावशी, पदर उलटून बघितलास ना?"

जन्मभर पदर उलटल्याशिवाय साडी न घेणारी माझी मावशी म्हणाली, "तू लिहिलंयस म्हटल्यावर कशाला बघू?"

सांगा, आता तिला काय सांगू?