बाबांचं बटरस्कॉच पुडिंग
साखर करपल्याचा वास आला की बाबांनी केलेलं पुडिंग आठवतं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि मी पुण्याहून ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना कोल्हापूरला घरी आणलं होतं. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं आयुष्य काढलेल्या बाबांनी मोबाइलवर बघून साखर वितळवली, त्यात लोणी, म्हशीचं दूध आणि कॉर्नफ्लॉवर घालून गुठळी होऊ न देता ते ढवळत राहिले. पाक उडून मनगटाला फोड आला, तरी हात थांबला नाही. मी चमचाभर चाखलं, तर किंचित कडवट लागलं. "करपलंय बाबा, हे नको द्यायला," म्हणून मी आइस्क्रीम मागवलं. "व्हय, जरा जास्तच तापलं की," म्हणत त्यांनी भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी निघताना पाण्याची बाटली घ्यायला गेलेल्या एका मैत्रिणीला ते दिसलं. चमचाभर खाऊन ती म्हणाली, "काका, एवढं छान केलंय, काल का नाही दिलं?" माझ्याकडं न बघता बाबा म्हणाले, "हिला लई आवडतंय, म्हणून हिच्यासाठीच ठेवलंय." तेव्हा तरी वाटीभर मागून घ्यायला हवं होतं, पण मी बॅग उचलली. आता बाबा नाहीत, आणि त्या पुडिंगचा तो एकच चमचा माझ्या वाट्याला आला.